नाथाजीचं थराथराचं दही

नाथाजीला मी मदत केली. हे वाक्य आधीच लिहून टाकतो. आमच्या आष्ट्यात ते आजही लोकांना हसवण्यासाठी सांगतात.

आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे तो पलटणीत गेला आणि मी सांगलीला, विश्रामबागच्या कॉलेजात. सेहेचाळीस साली दोघेही परत आलो. त्याने एक काळी ट्रंक आणली, जाड काचेचे तीन पेले आणले आणि हातात स्वयंपाक आणला. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. माझ्या हातात काही नव्हतं. गावाने माझं नावच 'बीए' पाडलं. त्यात कौतुक किती हे मी विचारलं नाही.

नाथाजी पलटणीत लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. गावाला हे पटत नव्हतं. पारावर म्हातारे विचारायचे, "किती मारलंस रं?"

"मी न्हाई मारलं. मी जेवाय घातलं," नाथाजी सांगायचा.

म्हातारे उठून जायचे.

घरात चार भाऊ आणि ऊस तीन एकर. त्यात नाथाजीला जागा नव्हती आणि त्याला ती नकोही होती. त्याला मोटार स्टँडसमोर चहाचं हॉटेल टाकायचं होतं. जागा होती रायगोंडा अण्णांची. अण्णा जैन, बागायतदार, तंबाखूचे व्यापारी. त्यांचा गाळा रिकामा होता, पण सांगलीचा एक कापडवालाही तो मागत होता. दिवाळीच्या पाडव्याला कुणाला तरी किल्ली द्यायची, असं अण्णांनी ठरवलं होतं. नाथाजीला गाळा मिळाला नाही, तर तो मुंबईला कुठल्या तरी हॉटेलात भांडी घासायला जाणार होता. तसं त्याने बायकोला, अंजनाला, सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून ती त्याच्याशी कमी बोलत होती.

अण्णांची अडचण सरळ होती. "तू पलटणीतला माणूस. मटणाच्या हातानं माझ्या गाळ्यात काय शिजवशील? आमची माणसं तिथं चहा पितील व्हय?"

"एकदा माझ्या हातचं खावा, अण्णा. मग ठरवा."

"तुझ्या चुलीवरचं मी कसा खाऊ?"

"चुलीवरचं न्हाईच करणार."

अण्णांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दिवाळीच्या सकाळी बस्तीतनं परत जाताना येतो. बघू."

बस्ती म्हणजे त्यांचं मंदिर. महावीरांचं निर्वाण त्याच पहाटेचं, म्हणून पूजा करून सगळे जैन उजाडल्यावर घरी परततात.

चुलीवरचं नाही, मग काय? मला वाटलं, नाथाजी आता अडकला. तो अडकला नव्हता. इजिप्तच्या इस्पितळात पोट बिघडलेल्या साहेबांना सकाळी तो एक पदार्थ द्यायचा. फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही, त्यावर फळ, परत दही, परत दुसरं फळ, असे काचेच्या पेल्यात थर. वर काहीतरी कुरकुरीत. दूध तेवढं तापवायचं, आणि दूध कुणाच्याही घरचं अण्णांना चालत होतं.

"हे म्हणजे भूगर्भातल्या थरांसारखं झालं," मी म्हणालो.

"हे म्हंजे न्याहारी झाली," नाथाजी म्हणाला.

चार दिवस आधी तो अण्णांच्या दारात जाऊन गुणमालाकाकूंना भेटून आला. गुणमालाकाकू अण्णांच्या पत्नी. काय चालतं, काय नाही, ते त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारलं. मी त्या वेळी त्याच्याबरोबर नव्हतो. मी घरी दिवाळीवर कविता करत होतो. ती झाली नाही.

दिवाळीच्या सकाळी मी अंघोळ करून त्याच्याकडे गेलो. दही आढ्याला फडक्यात टांगलेलं होतं. आदल्या संध्याकाळी विरजलेलं, विरजण काकूंच्या घरचं. केळी होती, पपई होती, डाळिंब होतं. लक्ष्मीपूजनासाठी आणलेल्या साळीच्या लाह्या सुपात होत्या.

"बीए, लाह्या पुजेच्या हायत. चाखू नगा," अंजनावहिनी म्हणाल्या.

"मी चाखत नाही. बघतोय."

"बगताना तोंड हालतंय तुमचं."

नाथाजीने तिन्ही पेले भरले. मी जवळ बसून बघत होतो. दही तो चमच्याने आत सोडायचा आणि चमच्याच्या पाठीने कडेपर्यंत दाबायचा. पांढरं, मग केळ्याच्या चकत्या, पांढरं, मग पपईचे तुकडे, पांढरं. काचेतून एकेक रेघ दिसायची. वर डाळिंबाचे दाणे. लाह्या आयत्या वेळी, नाहीतर मऊ पडतात. मी थक्क झालो. ह्याच हातांनी ह्याने माझी पाटी फोडली होती.

मग त्याने पेल्यांवर ओलं फडकं टाकलं. "बीए, हितंच बस. मांजर येतं. मी अण्णास्नी आणाय जातो." अंजनावहिनी अंगणात रांगोळी काढायला गेल्या.

मी एकटा राहिलो. एकटा राहिलो की मला विचार येतात. कॉलेजात त्याचीच सवय लावतात.

टांगलेल्या फडक्याला चिकटलेलं दही मी बोटाने चाटून पाहिलं. आंबट होतं. साखर रेशनची, ती दिवाळीच्या लाडवांत संपली होती. अण्णांनी तोंड वाकडं केलं तर? माझ्या मित्राचं आयुष्य आंबट दह्यावर अडलं होतं. आणि माझ्या पिशवीत मधाची बाटली होती. साताऱ्याला कचेरीत असलेल्या काकांनी महाबळेश्वरहून आणवून दिलेली, अस्सल. आईला द्यायची राहिली होती.

मी फडकं उचललं. दाणे बाजूला सारले आणि तिन्ही पेल्यांत मध ओतला. तो काचेच्या कडेने हळूहळू उतरला. पांढऱ्या थरांवरून सोनेरी ओघळ गेले. मी दाणे परत लावले आणि मागे सरकून पाहिलं. इतकी सुंदर गोष्ट मी आयुष्यात दुसरी केली नव्हती. खरं तर पहिलीही नव्हती.

अण्णा आले. पांढरं धोतर, कपाळावर गंध. घोंगडीवर बसले. नाथाजीने लाह्या टाकून पेला समोर ठेवला. अण्णांनी तो उचलला, उजेडात धरला, फिरवला. त्यांचा चेहरा सैल झाला. चमचा आत गेला, वर आला आणि तोंडाजवळ थांबला.

"हे पिवळं काय उतरलंय?"

नाथाजी वाकून बघायला लागला. त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. मला माहीत होतं.

"मध, अण्णा!" मी म्हणालो. "अस्सल महाबळेश्वरचा!"

अण्णांनी चमचा खाली ठेवला. आवाज झाला नाही. मग पेला ठेवला. मग स्वतःची बोटं पाहिली.

मला तेव्हा आठवलं. विश्रामबागेत दोन वर्षं माझ्या खोलीत बाळगोंडा म्हणून जैन मुलगा होता. दारू, मांस आणि मध, आम्हाला तिन्ही सारखीच वर्ज्य, हे त्याने मला किमान चार वेळा सांगितलं होतं. एकदा तर मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. अक्षर चांगलं आलं होतं.

"मीच घातला, अण्णा," नाथाजी म्हणाला. "साखर न्हवती. माझं चुकलं."

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"सणाच्या दिशी खोटं बोलू नगंस," अण्णा म्हणाले. "तू आमच्या दारात उबा राहून सगळं विचारून गेलास. गुणमालानं पयलं नाव मधाचंच घेतलं. मी आत बसून ऐकत व्हतो."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी घातला," मी म्हणालो. सगळ्यांना कळून चुकल्यावर मी ते कबूल केलं. एवढं धैर्य माझ्यात आहे.

"किती शिकलाय ह्यो?" अण्णांनी विचारलं.

"बी.ए.," दारातून अंजनावहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात सुरी होती.

अण्णा उठायला लागले. नाथाजी त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "अण्णा, घटकाभर थांबा. फडक्यात अजून दही हाय. त्येला कुणी हात लावल्याला न्हाई."

मी बोटाने चाटलेला कोपरा मला आठवला. "एका कडेला मी लावलाय," मी म्हणालो. ह्या वेळी मी आधी बोललो.

नाथाजीने डोळे मिटले. "ती कड काढून टाकतो."

"आन् भांडं? ह्या पेल्यातनं मी आता खाणार न्हाई."

"तुमच्या घरची वाटी आणवतो. बीए, पळ."

मी पळालो. दिवाळीच्या सकाळी नवा सदरा घालून बी.ए. झालेला माणूस पेठेतून पळतोय, हे सगळ्या आष्ट्याने पाहिलं. गुणमालाकाकू दारात रांगोळीला कुंकू लावत होत्या.

"काकू, अण्णांनी वाटी मागितलीय. आणि चमचा. आणि सुरी असली तर सुरी."

"का? तिथली काय झाली?"

मी सांगितलं. त्यांनी कुंकवाचं बोट तसंच हवेत धरलं.

"मध? आवं, तुमी सांगलीला चार वर्सं शिकत व्हता न्हवं?"

"हो."

"मग काय शिकत व्हता?"

मी वाटीसाठी हात पुढे केला. काकूंनी काशाची वाटी, चमचा आणि सुरी स्वच्छ फडक्यात बांधून दिली. "वाटंत सोडू नगासा," म्हणाल्या. "आन् आत काय घालू नगासा."

मी परत आलो तेव्हा अण्णा बसलेलेच होते. नाथाजीने पाणी दुहेरी फडक्यातून गाळून ठेवलं होतं. पाट राखेने घासून धुतला होता. त्याने माझ्या हातातून गाठोडं घेतलं आणि मला उंबऱ्याबाहेर उभं केलं. मी तिथून बघितलं.

त्याने हात धुतले. सुरी धुतली, ती धुतलेलीच होती तरी. दह्याची एक बाजू कापून टाकली, जरा जास्तच. नवं केळं सोललं. अण्णा फळांकडे बघत नव्हते. ते त्याच्या हातांकडे बघत होते.

"पलटणीत काय काय रांधलंस?"

"सगळं," नाथाजी म्हणाला. हात थांबले नाहीत. "मेंढरं बी. अंडी बी."

अंजनावहिनींनी कपाळाला हात लावला. मलाही वाटलं, गेला गाळा. एक सोपं खोटं पुरलं असतं. मी तरी बोललो असतो.

"हॉटेलात?"

"न्हाई."

"का? स्टँडवर गिऱ्हाईक हाय की त्येला."

"त्ये गिऱ्हाईक आलं तर तुमी न्हाई येणार. मला दोगं बी पायजेत. मटण खाणारा चहा पितोच की. तुमी मटणाच्या भांड्याशेजारी चहा पिणार न्हाईसा."

नाथाजीने वाटीत थर घातले. दही, केळं, दही, पपई, दही, डाळिंब. त्याच काळजीने, चमच्याच्या पाठीने कडेपर्यंत दाबून. वाटी काशाची होती. बाहेरून एकही थर दिसत नव्हता. वरून फक्त लाल दाणे आणि लाह्या. ज्या रेघांवरून मी मध ओघळवला, त्या आता कुणालाच दिसणार नव्हत्या. तरी तो त्या सरळ घालत होता.

अण्णांनी खाल्लं. हळू, खालपर्यंत. मध्येच एकदा थांबून म्हणाले, "हितं पपई लागली." परत थोड्या वेळाने, "आता केळं." वाटी संपली. ते बोटांनी मिशी पुसत म्हणाले, "आंबट न्हाई."

"तुमच्याच विरजणाचं हाय."

"आमच्याकडं आंबट लागतं. टांगत न्हाईत." ते उठले. "पाडव्याला सकाळी ये. किल्ली घेऊन जा. कापडवाल्याला मी सांगतो." दाराशी आल्यावर माझ्यासमोर थांबले. "ह्यो दुकानात असणार व्हय?"

"गिऱ्हाईक म्हणून," नाथाजी म्हणाला.

"बाहीर बसीव."

ते वाटी घेऊन गेले. अंजनावहिनी खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मला वाटलं, काहीतरी बोलावं. मैत्री, क्षमा, असले दोन-तीन शब्द तयार होते. नाथाजीने ते तीन पेले माझ्यासमोर सरकवले.

"खा," म्हणाला. "तिनी बी. मधाची नासाडी नको."

मी खाल्ले. उत्तम लागले. हे मी त्याला सांगितलं नाही.

आता हॉटेलला वर्ष झालं. चहा चांगला असतो, भजी चांगली असतात. जैन मंडळी आत बसतात आणि पारावरचे म्हातारेही, ज्यांना नाथाजीने किती मारले हे कळायला हवं होतं. थराचं दही नाथाजीने पहिल्या आठवड्यात ठेवून पाहिलं. एकही गेलं नाही. "दह्यात केळं घालून इकतोय व्हय रं? घरी काय गाई मेल्या?" असं लोक म्हणाले. त्याने ते बंद केलं आणि त्याचं त्याला काही वाटलं नाही.

मी बाहेरच्या बाकावर बसतो. परवा एक गिऱ्हाईक आत जाताना मला चहात साखर किती पडते म्हणून विचारत होतं. मी सांगायला तोंड उघडलं.

"बीए," आतून नाथाजी म्हणाला, "तू गप बस."