शनिवारचं पत्र

आईच्या कबरीवरच्या बेगोनियांना पाणी घालून रोस्विता टेनहागन वळली, तेव्हा पलीकडच्या ओळीतल्या दगडावर तिला पिवळी चिठ्ठी दिसली. अशी चिठ्ठी कशाची असते, हे एल्सबेक गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कबरीची जागा भाड्याने असते, तिची तीस वर्षांची मुदत संपली. कुणी नातलग असेल तर महिनाअखेरपर्यंत कार्यालयात येऊन सही करावी, नाहीतर दगड उचलला जाईल आणि जागेवर गवत पेरलं जाईल.

दगडावर नाव होतं आलोइस ओव्हरकांप. कबरीवर गुडघाभर तण माजलं होतं. आलोइसची बहीण होती तोवर ती येऊन जायची. तिलाही जाऊन आता तीन वर्षं झाली. उरली होती फक्त मुलगी, मेश्टिल्ड. आणि मेश्टिल्ड बापाच्या कबरीकडे फिरकत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. का फिरकत नाही, तेही माहीत होतं. फक्त ते खरं नव्हतं. खरं काय ते एकट्या रोस्विताला ठाऊक होतं.

हातातली झारी तिने खाली ठेवली.

रोस्विताला गाव अजूनही ‘नॅशनल’ म्हणतं. बेकरीत गेली की काउंटरमागची बाई विचारते, “काय नॅशनल, चार पाव, की आज अकरा जणींना?” जर्मनीच्या महिला फुटबॉल संघातून ती तेवीस सामने खेळली. तिची पांढरी जर्सी क्लबच्या भिंतीवर काचेत आहे. पुरुषांच्या मापाची, कोपरांपर्यंत लोंबणाऱ्या बाह्यांची. तेव्हा बायकांसाठी वेगळ्या जर्सी कोण शिवत होतं! सामन्यासाठी ती टपालवाटपाच्या नोकरीतून बिनपगारी रजा घ्यायची, रविवारी रात्री परतायची आणि सोमवारी सकाळी साडेपाचला पत्रं लावायला हजर. रोज सायकलवर सतरा किलोमीटरची फेरी, हाच तिचा सराव. गुडघ्याने दगा दिला तेव्हा ती तीस वर्षांची होती. पुढे तिने गावातल्या मुलींना शिकवलं, निवृत्त होईपर्यंत टपाल वाटलं, लग्न केलं नाही. मुलाखतीला कुणी आलं की एवढंच सांगायची, “नशिबाने संधी मिळाली.” असं म्हणताना ती समोरच्याकडे बघत नसे.

गावात तिच्याहून चांगली खेळणारी एक होती. मेश्टिल्ड. दोघी एका वर्गातल्या, एकाच क्लबातल्या आणि दोघींची जागाही एकच, मैदानाची डावी बगल. मेश्टिल्ड चेंडू घेऊन पळायला लागली की समोरची बचावपटू नुसती वळून बघत राहायची. बापाला मात्र हे थेर वाटत. “जा, जा चेंडूमागे,” तो गोठ्याच्या दारातून ओरडायचा, “डुकरांना चारायला येईल तुझा जर्मन संघ!”

त्र्याऐंशीच्या वसंतात निवड चाचणी झाली. प्रशिक्षकांनी दोघींना बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं की डाव्या बगलेला एकच जागा आहे. पत्र जिला येईल ती जाईल. तिचा होकार वेळेत आला नाही तर दुसरीला फोन जाईल.

पत्र आलं ते पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारआधी, शनिवारी. पहाटे पत्रं लावताना ते रोस्विताच्याच हातात पडलं. पाकिटावर फुटबॉल संघटनेचा शिक्का, खाली मेश्टिल्डचं नाव. तिने उरलेला सगळा गठ्ठा दोनदा चाळला. स्वतःच्या नावाचं काही नव्हतं.

फेरीतलं शेवटचं घर ओव्हरकांपांचं. फाटकापर्यंत ती गेली. अंगणात मेश्टिल्ड बुटांना चरबी चोळत बसली होती, शीळ घालत होती. रोस्विताला वाटलं, आत्ता हा आनंद आपल्याला बघवणार नाही. सोमवारी देऊ. तिने सायकल वळवली.

सोमवारही पेंटेकॉस्टचाच होता. सुटीचा. त्या दिवशी टपाल वाटलं जात नाही.

मंगळवारी साडेबाराला तिने ते पत्र आलोइसच्या हातात दिलं. मेश्टिल्ड तेव्हा सूतगिरणीत कामावर होती. होकार कळवायची मुदत होती मंगळवारी दुपारी बारा. अडीच वाजता टेनहागनांच्या घरी फोन वाजला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ रोस्विताने स्वतःला समजावलं असतं. पण त्या संध्याकाळी मेश्टिल्ड धापा टाकत तिच्या दारात आली. पत्र हातात चुरगळलेलं.

“रोझी, खरं सांग. हे कधी दिलंस? बाबा म्हणतात, आजच आलं.”

आणि रोस्विता म्हणाली, “शनिवारी.”

एकच शब्द. बापानेच पत्र तीन दिवस दडवलं असं समजून त्या शब्दावर मेश्टिल्डने घर सोडलं. गिरणीच्या वसतिगृहात राहिली, वर्षभरात खेळही सोडला. आलोइस दोनदा वसतिगृहाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला, असं गावात बोललं जायचं. अकरा वर्षांनी तो गेला. दफनाच्या दिवशी मेश्टिल्ड कामावर होती. त्यानंतर ती घरी परतली, गोठा विकला, बाग केली. रोस्विताशी तिचं कधी बिनसलं नाही. उलट वसतिगृहात असतानाही तिच्या प्रत्येक सामन्याला ती रेडिओपाशी बसलेली असायची, आणि तेच रोस्विताला सर्वांत जड जायचं.

पिवळी चिठ्ठी पाहिली त्याच दुपारी रोस्विता ओव्हरकांपांच्या फाटकात उभी राहिली. एकेचाळीस वर्षांपूर्वी जिथून सायकल वळवली होती, तिथेच.

मेश्टिल्ड स्वयंपाकघरात अ‍ॅस्परॅगसचे कोंब सोलत होती. “ये गं! बरी वेळेवर आलीस. घे सुरी. मात्र नीट सोल, मागच्या वेळी सगळे तंतू ठेवले होतेस. पायच चालतात तुझे, हात नाहीत.”

रोस्विताने सुरी घेतली नाही. “तुझ्या बाबांच्या दगडावर चिठ्ठी लागलीय.”

“पाहिली. घरीही पत्र आलंय.” मेश्टिल्डचा हात थांबला नाही. “जाऊ दे. आईची जागा मोकळी झाली, आता त्यांची होईल. गवत बरं. गवत खोटं बोलत नाही.”

“मेश्टिल्ड, खोटं ते बोलले नव्हते. मी बोलले.”

मेश्टिल्डने मान वर केली.

“पत्र मी मंगळवारीच दिलं. शनिवारी पिशवीत होतं. फाटकापर्यंत आले होते. तू इथे अंगणात बसली होतीस.” पुढचं तिला नीट जुळवता येईना. “तू विचारायला आलीस तेव्हा घाबरले. मग बोलायचं राहूनच गेलं.”

“राहून गेलं.” मेश्टिल्डने शब्द तसाच परत केला. “छत्री राहते गं, बसमध्ये.”

पातेल्यातलं पाणी उकळून झाकण थडथडायला लागलं तशी मेश्टिल्डने उठून गॅस बंद केला आणि पाठमोरीच उभी राहिली.

“तेवीस सामने तू खेळलीस ते तुझ्या पायांनी. त्याबद्दल मी तुला काही म्हणणार नाही. कदाचित मी तीनच खेळले असते. पण बाबा तिथे बसले होते, त्या खुर्चीवर, टोपी हातात घेऊन. म्हणाले, ‘आजच आलं गं, देवाशपथ. टेनहागनची पोरगी देऊन गेली.’ आणि मी त्यांना काय म्हटलं, ते तुला सांगायचीही मला लाज वाटते.”

“मेश्टिल्ड...”

“एकच विचारते. सोमवारी देईन म्हणालीस मनाशी. सोमवार सुटीचा, हे तुला माहीत होतं?”

हा प्रश्न रोस्विता स्वतःलाच विचारत आली होती. सामन्याआधी राष्ट्रगीत वाजताना, आईच्या कबरीवर फुलं लावताना. प्रत्येक वेळी ती स्वतःला सांगायची, विसरले असेन, सणाची घाई होती, बावीस वर्षांची पोर होते. पण टपालवाली सुटीचा दिवस विसरत नाही. महिना महिना आधी ती त्याच्यावर डोळा ठेवून असते.

“हो,” ती म्हणाली. “माहीत होतं.”

मेश्टिल्डने दाराकडे बोट केलं.

तीन दिवस फोन नाही, फाटक उघडं नाही. चौथ्या दिवशी सकाळी रोस्विता दफनभूमीत गेली. चिठ्ठी निघाली होती, म्हणजे सही झाली होती. दगडावरचं शेवाळ खरवडून काढलेलं होतं, आणि कबरीपाशी मेश्टिल्ड गुडघ्यांवर बसून मुळासकट तण उपटत होती. शेजारी मातीच्या ढिगाजवळ दोन रिकाम्या झाऱ्या.

रोस्विता वाटेवरच थांबली. पुढे जावं की मागे, तिला कळेना.

मेश्टिल्डने वळून पाहिलं नाही. मातीने माखलेला हात तिने झाऱ्यांच्या दिशेने केला.

“पाणी आण.”

नळ दफनभूमीच्या पार दुसऱ्या टोकाला होता. रोस्विताने दोन्ही झाऱ्या उचलल्या. भरलेल्या झाऱ्या घेऊन परतताना गुडघा ठणकत होता, पाणी बुटांवर सांडत होतं. कबरीपाशी पोचून तिने त्या खाली ठेवल्या आणि वाट पाहिली.

मेश्टिल्डने पाणी ओतलं. माती ते पिऊन गेली.

“आणखी,” ती म्हणाली.

रोस्विताने झाऱ्या उचलल्या.