सुनेचा सेटचा फॉर्म

माझी सून प्राध्यापक झाली नाही ती माझ्यामुळे. घरात हे कोणी बोलत नाही. मुलगा विषय बदलतो, आणि सून तर त्यावर एकदाच, एकच वाक्य बोलली आहे. म्हणून मीच लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर वाचता येईल असं आहे.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी घडलं हे. आम्ही मुंबईतली खोली विकून भाईंदर पूर्वेला आलो होतो, खारी गावाला लागून नव्या बिल्डिंगी झाल्या त्यातल्या एकीत. माझा नवरा नवं घर बघायला राहिला नाही. मी, मुलगा आणि सून, एवढेच होतो. सून एम.ए. झालेली, इतिहास घेऊन. जवळच्या एका कॉलेजात तासावर शिकवायची. तासावर म्हणजे जेवढे तास घेतले तेवढीच नोकरी, मे महिना आला की घरी. तिच्या प्राचार्यांनी तिला सांगितलं होतं, पुढच्या जूनमध्ये इतिहासाची एक जागा कायमची भरायची आहे, तोवर सेट पास व्हा, मग मला दुसरं कोणी शोधायला नको. सेट म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणारी राज्याची परीक्षा. ती नसेल तर कितीही चांगलं शिकवलं तरी कायम करत नाहीत. हे मला तिने दोनदा समजावलं, कारण पहिल्यांदा मी नीट ऐकलं नव्हतं.

फॉर्म तिने बोरिवलीच्या एका बँकेतून आणला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर फरशी पुसून, कोरडी करून त्यावर तो पसरला. मला म्हणाली, "आई, चहाचा कप जरा लांब ठेवा हं." चौकोनी घरं होती, एकेका घरात एकेक इंग्रजी अक्षर. तिने आधी पेन्सिलीने नाव लिहिलं. मग थांबली.

"अहो, नाव कुठलं घालू?" तिने मुलाला विचारलं.

तो पेपर वाचत होता. "आहे ते घाल."

"इथे लिहिलंय, शेवटच्या परीक्षेच्या गुणपत्रिकेवर असेल तसं. त्यावर माझं लग्नाआधीचं आहे."

"आईला विचार," म्हणाला. पेपर खाली केला नाही.

आता हे नावाचं सांगायला हवं. सुनेचं माहेरचं नाव आणि माझं नाव एकच. लग्न ठरलं तेव्हाच मी सांगितलं होतं, एका घरात एका नावाच्या दोघी चालणार नाहीत. सासूला हाक मारली की सून ओ देणार, आणि रागाने कोणी सुनेला बोललं तर ते माझ्या नावाने बोलणार. तिच्या वडिलांनी मान डोलावली. लग्नात ताटात तांदूळ पसरून मुलाने अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, मी सुचवलेलं. सगळ्यांनी वाचलं, पेढे वाटले. पुढे रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, बँक, सगळं त्या नावाने झालं. कॉलेजात मात्र तिने जुनंच ठेवलं होतं, हे मला फॉर्मच्या दिवशी कळलं आणि राग आला.

खरं तर माझं नाव तरी माझं कुठे? ते मला माझ्या सासूने दिलं. माहेरी मला वेगळ्या नावाने हाक मारायचे. ती हाक मारणारं आता कोणी जिवंत नाही. मिळालेलं नाव मी चाळीस वर्षं सांभाळलं, आणि त्यात वाटेकरी नको म्हणून दुसरीचं काढून घेतलं. हे मला आज दिसतं. त्या दुपारी दिसलं नाही.

मी म्हणाले, "या घरात आलीस ना? मग या घरचं नाव लिही."

"पण आई, इथे स्पष्ट लिहिलंय."

"ते कुमारी मुलींसाठी असेल. लग्न झालेल्या बायका काय बापाचं नाव लावून नोकरी करतात?"

मुलगा म्हणाला, "आई म्हणते त्यात पॉइंट आहे. उद्या पगाराचं खातं, पीएफ, सगळं ह्याच नावाने लागणार."

तिने खोडरबर घेतला. खोडलेला भुगा फुंकला नाही, ओंजळीत गोळा करून खिडकीबाहेर टाकला, आणि काळ्या पेनाने नवं नाव लिहिलं. मी उठून चहा गरम केला. मला बरं वाटलं होतं, हेही लिहिते.

फोटोवर प्राचार्यांची सही घेऊन, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स जोडून फॉर्म रजिस्टरने पुण्याला गेला, आणि तिचा अभ्यास सुरू झाला. सकाळी डबे, दुपारी कॉलेज, संध्याकाळी स्वयंपाक, आणि मधे जिथे जागा मिळेल तिथे पुस्तक. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तिने मला दिलं. तीन पेपर होते. दोन इतिहासाचे, त्यांची तिला भीती नव्हती. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, त्यात डोकं चालवायची कोडी. ती भाजी निवडताना मला वाचून दाखवायची.

"आई, ऐका. पाच बायका ओळीत बसल्यात. पहिली एका कडेला, दुसरी दुसऱ्या कडेला, चौथी पाचवीशेजारी बसत नाही. मधे कोण?"

"चौथी पाचवीशी का बसत नाही? भांडण आहे का?"

"ते दिलेलं नाही."

"ते आधी विचारायला हवं."

ती हसली. मग मी मेथीच्या जुड्या मांडून बघितलं आणि उत्तर सांगितलं. ते बरोबर आलं. मुलाला संध्याकाळी तिने सांगितलं, "आईंना बसवा परीक्षेला, माझ्याआधी पास होतील." तो महिना आमचा चांगला गेला. माझ्या तिच्यात तेवढं हसू आधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही.

तिच्या कॉलेजातल्या दुसऱ्या एका बाईंना परीक्षेचं प्रवेशपत्र आलं. आमच्याकडे आलं ते साधं पत्र. फॉर्मवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही, नाव बदलल्याचा पुरावा अमुक तारखेच्या आत पाठवावा, नाहीतर अर्ज रद्द. पत्राला पोचायला वेळ लागला होता. तीन दिवस उरले होते.

सून पत्र वाचून स्टुलावर बसली. मुलाला फोन केला, "अहो, नावावरून अडलंय," एवढंच.

चौकशी केली तेव्हा कळलं, लग्नात आडनाव बदलतं ते सगळ्यांना समजतं, पण पहिलं नाव बदललं की ते सरकारी राजपत्रात छापून आणावं लागतं. त्याला काही आठवडे लागतात. लग्नाची नोंदसुद्धा आम्ही केली नव्हती. कोण करायचं तेव्हा? पत्रिका छापली, जेवणं घातली, लग्न झालं. कोणीतरी सुचवलं, निदान तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र करा, कदाचित चालेल. ती कचेरी ठाण्याला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी काशीमीऱ्याहून बसने निघालो. मी साक्षीदार, ही बाई तीच बाई आहे असं सांगायला. घोडबंदर रोडवर ट्रकांची रांग लागली होती. बस तासभर एका जागी उभी. तिने पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचत बसली. अजून परीक्षेला बसायला मिळेल असं तिला वाटत होतं.

कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन एक माणूस बसला होता. त्याने विचारलं, "जुनं नाव?" तिने सांगितलं. "नवं नाव?" सांगितलं. "बदलण्याचं कारण?"

"लग्न," ती म्हणाली.

"लग्नाने आडनाव बदलतं हो ताई. पहिलं कशाला बदललं? पत्रिका जुळत नव्हती?"

मी म्हणाले, "तिचं माझं नाव एकच होतं."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मग तुमचं बदलायचं, आजी. तुम्हाला कुठे परीक्षा द्यायचीय?"

मागे उभी असलेली माणसं हसली. सून हसली नाही.

"कुठे नोंद केली होती नावाची?" त्याने पुन्हा विचारलं.

"तांदळात लिहिलं होतं," मी म्हणाले.

"तांदूळ शिजवून खाल्ले असतील. पुरावा संपला," असं म्हणून तो टाइप करायला लागला. माणूस वाईट नव्हता. कागद लवकर करून दिला आणि कुठल्या खिडकीवर जायचं तेही सांगितलं. मी साक्षीदार म्हणून सही केली. मी माझं नाव लिहीत असताना सून शेजारी उभी होती. तेच नाव तिच्या कागदावर वर छापलेलं होतं, "पूर्वीचे नाव" म्हणून.

तिसऱ्या दिवशी मुलगा रजा टाकून तो कागद घेऊन पुण्याला गेला. संध्याकाळी परत आला. बूट काढत म्हणाला, "घेतलं नाही. राजपत्रच पाहिजे म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे, नियम छापलेला आहे."

"हो, छापलेला आहे," सून म्हणाली. "मी वाचला होता."

तिने ताटं घेतली. त्या वाक्यात माझं नाव नव्हतं, तरी मी माझं ताट परत फळीवर ठेवलं.

परीक्षा रविवारी होती. त्या दिवशी तिने सकाळी डोक्यावरून आंघोळ केली, डाळ भिजत घातली, पडदे धुतले. साडेनऊला एकदा घड्याळ बघितलं. मी म्हणाले, "पुढच्या वेळी देशील." ती म्हणाली, "हो." पडदे पिळताना तिने मला दुसरं टोक धरू दिलं नाही.

समुद्राकाठच्या पाली गावाकडची एक कोळीण आमच्या बिल्डिंगीत मासे घेऊन यायची. तिला सगळ्यांच्या घरचं कळायचं. मी खाली बोंबील घ्यायला गेले तर म्हणाली, "काय गो म्हातारे, तुजं नाव सोन्याचं हाय का? सुनंनं वापरलं आसतं तं झिजलं आसतं?" मी म्हणाले, "तू बोंबील मोज." ती म्हणाली, "मोजते. पन तू चुकलीस." मी आयुष्यात पुष्कळांना तोंडावर सुनावलं आहे. मला सुनावणारी ती एकच, आणि मी तिच्याशी भांडले नाही.

जूनमध्ये जागा भरली. सेट झालेला एक मुलगा आला, बाहेरगावचा. प्राचार्यांनी सुनेला बोलावून सांगितलं, वाईट वाटतं, पण माझ्या हातात नाही. कायमचा माणूस आल्यावर तिचे तास राहिले नाहीत. ती आमच्याच घरी दहावीच्या मुलांना इतिहास-भूगोल शिकवायला लागली. एका खोलीत आठ मुलं, आणि मी स्वयंपाकघरात दार लोटून. ती चांगलं शिकवायची. सनावळ्या सांगताना आवाज चढवायची नाही, मुलं आपणहून गप्प व्हायची. दाराआडून मी कितीतरी राजे ऐकले.

पुढच्या वेळी फॉर्म निघाल्याचं मी मुलाच्या पेपरात वाचलं. ती काही बोलत नव्हती म्हणून मीच कोणाला न सांगता बोरिवलीला गेले. बँकेच्या रांगेत सगळी पंचविशीतली पोरं. एकजण म्हणाला, "आज्जी, पेन्शनची लाइन उधर है." मी म्हणाले, "मुझे प्रोफेसर बनना है. तुम आगे देखो." खिडकीवरच्या माणसाने पावतीवर घालायला उमेदवाराचं नाव विचारलं. मी सुनेचं माहेरचं नाव सांगितलं, तिच्या वडिलांचं, त्यांचं आडनाव, सगळं. लग्नानंतर ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदा पूर्ण निघालं.

घरी येऊन मी फॉर्म ती शिकवायला बसायची त्या टेबलावर ठेवला, पावती वर. ती आली, पावती वाचली.

"तुम्ही गेला होतात?"

"हो. जुन्या नावाने भर. गुणपत्रिकेवर आहे तसं. कोणी काही म्हणणार नाही."

तिने फॉर्म उलटसुलट बघितला. "आई, शेवटची तारीख परवाची आहे."

"मग आज भर. मी कुरिअरने टाकून येते."

"तसं नाही." ती खुर्चीत बसली. तिला तेव्हा तिसरा महिना होता, मला माहीत होतं, पण ते कारण तिने दिलं नाही. "वर्षभर पुस्तक उघडलं नाही मी. आणि पास झाले तरी जागा कुठे आहे? त्या कॉलेजात तो मुलगा आता तीस वर्षं बसेल."

"दुसरी कॉलेजं आहेत."

"आहेत," ती म्हणाली. मग फॉर्म टेबलावर ठेवत, "मला त्या वेळी द्यायची होती, आई."

माझ्याशी ती त्याबद्दल बोलली ते एवढंच. आवाज वाढवला नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते आणि दोघींचं भागलं असतं. मला माफी मागायची होती. ती कशी मागतात हे मला येत नव्हतं, घरात कोणी मागितलेली मी बघितली नव्हती. मी विचारलं, "भाकरी टाकू का तुझ्यासाठी?" ती म्हणाली, "टाका."

मुलं शिकायला आली. त्यांनी वह्या फॉर्मवरच ठेवल्या. तिने तो ओढून बाजूला केला, इतकंच. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं, चौकोनी घरं कोरीच होती. संध्याकाळी कुरिअरवाल्याचं दुकान बंद होईपर्यंत मी चप्पल दारातून आत घेतली नाही. मग घेतली, आणि फॉर्म उचलून ठेवला, कारण मुलांना टेबल लागणार होतं.