दसऱ्याची बाटली

लॅबचे मालक शेठ दारात उभे, चेस्टनटच्या रोपांच्या सगळ्या बाटल्यांत बुरशी, अन् आमचे साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बेन! पोराला पाजून तशीच लॅबमध्ये येते!"

बर्फाच्या मुलखातलं झाड सुरतेच्या उकाड्यात बाटलीत वाढवणारे साहेब! हात पन्नासदा धुवायचे, बाटलीजवळ आम्हाला श्वास घेऊ द्यायचे नाहीत. "जंतू, बेन, जंतू!" अन् दसऱ्याला त्यांनी स्वतःच झाकणं उघडून एकेका बाटलीला हळदकुंकू, फुलं वाहिली. "देवाला कसले जंतू?"

एका बाटलीत झेंडूची पाकळी अजून चिकटलेली होती. ती बाटली मी पदराखाली धरलेली. शेठ विचारत होते, "बोल बेन, कोनी भूल? चूक कुणाची?" नोकरी साहेबांच्या हातात. तुम्ही काढली असती का बाटली बाहेर?