हळ्ळीखेड ते आळंद, पाणी पिऊन

पोलीस अ‍ॅक्शन होऊन चार वर्षं झाली होती, तरी सोलापूरहून हळ्ळीखेडला निघालो की आमच्या घरी अजून 'निजामात चाललाय' असंच म्हणत. या खेपेला मी निघालो तो मामीला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आणायला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आणखी लांबवलंत तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामी मात्र हलायला तयार नव्हती, आणि त्याला कारण दत्तूअण्णा.

दत्तूअण्णा म्हणजे मामीचा मुलगा, चाळिशीचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तूर निवडायला बसला की सूप रिकामं झाल्याशिवाय मान वर करत नाही. बोलताना डोळ्याला डोळा देत नाही, मोटारीचा भोंगा वाजला की कान झाकतो, आणि ताटात भाकरीला काही ओलं टेकलं तर जेवत नाही. गावात कुणी त्याला भोळा म्हणे, कुणी वेडा. मामीला दोन्ही शब्द खपत नसत. "दत्तू दत्तूच हाय," एवढंच ती म्हणे. ऑपरेशनची पट्टी सुटेपर्यंत त्याला आळंदला थोरल्या बहिणीकडे, गिरजाअक्काकडे ठेवायचं ठरलं होतं. आधी मी त्याला तिथं पोचवायचं आणि मग मामीला न्यायला हळ्ळीखेडला परत यायचं.

"त्यो तिथं राहिला, तरच मी सोलापूरला येणार. न्हाईतर न्हाई," मामी म्हणाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं त्याला समोर बसवलं आणि उद्याचा दिवस ओळीनं सांगितला. "सकाळी मोटार. हुमनाबादला उतरायचं. पाणी प्यायचं. मग गुलबर्ग्याची मोटार. मग आळंदची. मग अक्काचं घर."

"बरं," दत्तूअण्णा म्हणाला आणि उठला. हे रोजचंच होतं म्हणे. मी मनात म्हटलं, मामीनं याला फार लाडावून ठेवलंय.

हुमनाबादला उतरलो तर गुलबर्ग्याची मोटार सुटायच्या बेतात. मी सामान टपावर टाकलं, दत्तूअण्णाचा दंड धरला आणि त्याला ओढू लागलो. तो तिथंच धुळीत मांडी घालून बसला.

"अरे, चल ना!"

"पाणी न्हाई पिलो."

"गुलबर्ग्याला पाजतो."

"पाणी न्हाई पिलो."

कंडक्टर डोकावला. "इनों कायकू नै उठरे जी?" (हे का उठत नाहीत?) मी काय सांगणार? मोटार गेली, आणि टपावरचं माझं सामानही गेलं. मग दत्तूअण्णा उठला, हॉटेलातल्या रांजणाचं गार पाणी प्याला आणि पुढच्या मोटारीची वाट बघत शांत बसला. दोन तास मी एकटाच चिडत होतो. गुलबर्ग्याला सामान मिळालं, पण माझ्या नव्या छत्रीनं मात्र तोवर दुसरा धनी गाठला होता.

आळंदला पोचेतो दिवस कलला होता. दुतर्फा तुरीची शेतं फुलली होती, पण ती बघण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. गिरजाअक्काच्या सासूबाई गौराबाई दारातच उभ्या होत्या. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. पाहुण्यांसाठी त्यांनी हुग्गी (गहू नि गुळाची खीर) केली होती.

आता आपल्याकडची रीत सांगायला नको. पाहुण्यानं 'पुरे' म्हणायचं, यजमानानं वाढायचं. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरायचा, यजमानानं बोटांच्या फटीतून वाढायचं. मी या कामात तरबेज आहे. दत्तूअण्णा नव्हता.

"हुग्गी नको," तो म्हणाला.

"घ्या की वो पावणं, लाजायलाव कामून?"

"नको."

गिरजाअक्का पुढं झाली, "अत्ती (सासूबाई), त्याला खरंच..." पण सुनेचं कोण ऐकतंय! पळीभर ऊन ऊन हुग्गी थेट भाकरीवर पडली. दत्तूअण्णानं कान झाकले, उठला, पिशवी घेतली आणि बाहेर पडला.

हा परत गेला तर मामी येणार नाही, आणि मामी आली नाही तर आंधळी होणार. मी उष्ट्या हातानं त्याच्यामागं धावलो, माझ्यामागं अक्का, आणि तिच्यामागं पळीसकट गौराबाई. आळंदच्या बाजारात लोक दुकानं सोडून बघत होते. दत्तूअण्णा मोटारतळावर जाऊन बाकावर बसला.

गौराबाईंना धाप लागली होती. "भरल्या ताटावरून उठलाव कामून वो?"

"नको म्हटलो."

"म्हटलाव की. सगळेच म्हणतेत."

"मी नको म्हटलो."

गौराबाई मटकन बाकावर बसल्या. पळी मांडीवर ठेवली. "ह्या घरात आल्यापासून मी बी लई डाव नको म्हटले," त्या अक्काला म्हणाल्या. "कुणाला खरंच वाटलं न्हाई बघ." मग त्याच्याकडं वळल्या. "बरं. तुमी नको म्हटलाव तर वाढणार न्हाई. झालं?"

"उद्या काय काय हाय?" दत्तूअण्णानं विचारलं.

गौराबाई गोंधळल्या. अक्का त्यांच्या कानाशी लागली. मग त्या पळीनं हवेत एकेक खूण करत सांगू लागल्या, "सकाळी उठायचं. च्या. मग तूर निवडायची. मग भाकरी, चटणी. आमटी वाटीत."

"हुग्गी?"

"न्हाई."

"बरं," म्हणून तो उठला आणि आमच्या पुढं घराकडं चालू लागला. हायसं वाटून माझे डोळे भरून आले, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली भाकरी संपताच मी सवयीनं "पुरे, पुरे" म्हणालो. गौराबाईंनी हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली. "पावणं पुरे म्हणायलेत," त्यांनी सुनेला सांगितलं. मी अर्धपोटी पाणी पिऊन उठलो. मोटारतळावर फुटाणे घेतले आणि ते खात हळ्ळीखेड गाठलं.

मामीनं सगळं दोनदा ऐकलं, पदर तोंडाला लावून हसली आणि ट्रंक भरायला घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, सोलापुरात आमच्या घरी, ती जेवायला बसली पण घास उतरेना. बायको आग्रह करू लागली, तसा मी म्हणालो, "राहू दे, ती नको म्हणतेय." मामी भिंतीला टेकून बसून राहिली. हात मांडीवर घट्ट धरलेले.

"वसंता," ती हळूच म्हणाली, "उद्या काय काय हाय, ते ओळीनं सांग की मला."

मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो. सकाळी टांगा. मग दवाखाना. मग डोळ्यांत औषध. मग ऑपरेशन, मग पट्टी. मी शेजारीच असेन. पट्टी सुटली की आळंदची पहिली मोटार.

"आन् पाणी?"

"टांग्यात बसायच्या आधी पाणी प्यायचं."

"बरं," मामी म्हणाली आणि आडवी झाली.