सरासरीत न दिसणारा ठोका

कागदाच्या कारखान्यातल्या त्या फिटरला सगळे कानकाका म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तीस वर्षं हेच त्यांचं मोजमाप. काका म्हणाले, “या बेअरिंगचे दिवस भरले,” की ती काळ्या दगडावरची रेघ.

मग यंत्रांची कंपनं मोजायला मीटर घेऊन एक मुलगी रुजू झाली. आपल्या पोटावर पाय आलाच, असं काकांना वाटलं. पण ती पहिल्याच दिवशी म्हणाली, “काका, यातलं खोडकर यंत्र कुठलं नि गरीब कुठलं, ते आधी सांगा बघू.” काका तिथंच विरघळले.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. गेली दोन वर्षं बारीक आवाज त्यांना ऐकू येत नव्हते. घरी बायको म्हणे, “कानात बोळे घातलेत का?” त्यावर “तूच पुटपुटतेस,” म्हणून काका वेळ मारून नेत.

एका सकाळी कागद सुकवणाऱ्या चौथ्या रोलरपाशी मुलगी थबकली. “काका, सरासरी कंपन महिनाभर तेवढंच आहे. पण सगळ्यात उंच ठोका तीनवरून अकरावर गेलाय.”

“सरासरी बरी आहे ना? मग झालं तर.”

“एखादं माणूस दिवसभर गप्प असतं आणि मधेच क्षणभर कण्हतं, तसं आहे हे. सरासरीत ते कण्हणं बुडून जातं, म्हणून उंच ठोका वेगळा बघायचा.”

काकांनी स्क्रूड्रायव्हर लावला. नुसती घरघर. “काही नाही गं. तुझा सेन्सर नीट बसला नसेल.”

तिनं जागा पुसून पुन्हा मोजलं. साडेअकरा.

एवढ्यात सुपरवायझर आला. “काका ठीक म्हणतायत ना? मग चालू ठेवा. बंद केलं तर अख्खी पाळी वाया जाईल.”

मुलीनं काकांकडे पाहिलं. रोलरच्या पलीकडे दोघी कामगार वाकून कागदाची कड सरळ करत होत्या. काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“बंद करा,” ते म्हणाले. “मला बारीक ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. पोरीचा आकडा खरा धरा.”

बेअरिंग उघडलं, तर बाहेरच्या कड्यावर तांदळाच्या कणीएवढा खड्डा. सुपरवायझरनं मान खाली घातली.

“पण हा पडला कशानं?” मुलीनं विचारलं.

काकांनी ग्रीस दोन बोटांत चोळलं. “यात पाणी शिरलंय. सील फाटलंय बघ इथं.” तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, “हे मला मीटरनं जन्मात सांगितलं नसतं.”

घरी गेल्यावर काकांनी बायकोला समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. तिनं डोळ्यांना पदर लावला.

“दोन वर्षं मला वाटतंय, माझ्या बोलण्याचा कंटाळा आलाय तुम्हाला.”

“अगं वेडे,” काका एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोघं कानाच्या डॉक्टरकडे गेले. वाटेत ती अखंड बोलत होती, आणि काका तिचे ओठ बघत चालत होते.