काटा पोचायच्या आधी

वाळूजच्या एका औषधी कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजत होते. कंट्रोलरला काय, तीन आकडे भरले की झालं! रिअ‍ॅक्टर म्हणजे मोठं बंद पातेलं. कंट्रोलर त्याचं तापमान सतत वाचतो आणि वाफेचा व्हॉल्व्ह आपणच कमीजास्त करून ते ऐंशी अंशांवर धरतो. माझा मात्र नव्वदला जायचा, मग घाबरून सगळी वाफ तोडायचा आणि सत्तरला यायचा. दोन बॅचेस वाया गेल्या.

त्याच रिअ‍ॅक्टरवर पडेगावचे एक चाचा बावीस वर्षं हातानं व्हॉल्व्ह फिरवत होते. त्यांच्या पाळीत बॅच बिघडायची नाही. शेवटी नाक मुठीत धरून मी त्यांच्याकडे गेले.

"बेटा, काटा पोचायच्या आदीच वाल आवळ," ते म्हणाले. "पोचल्यावर आवळला तर लई उशीर झाला. पातेल्यात गरमी उरलेली असती ना."

पाच दिवस मी त्यांच्याजवळ बसून किती अंशांवर व्हॉल्व्हचे किती आटे, हे वहीत लिहिलं. कंट्रोलर जमला की त्यांची जागा रद्द होणार, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. तीनदा सांगायचं ठरवलं आणि तीनदा नुसता चहा पिऊन परत आले.

सहाव्या दिवशी त्यांची चाल आकड्यांत बसली. पडद्यावरची रेघ ऐंशीवर सरळ झाली. चाचांनी खुशीत सगळ्या पाळीला बर्फी वाटली. महिन्याच्या आत त्यांना घरी बसवलं. मी मॅनेजरांशी भांडले, पण तेव्हा भांडून काय उपयोग होता?

दोन महिन्यांनी धीर करून त्यांच्या घरी गेले. त्यांनी बायकोला हाक मारली. "बघ, हीच ती पोरगी. मला समजायला दहा वरसं लागली, हिला पाच दिवस!" ते अभिमानानं सांगत होते आणि मला शरमेनं मान वर करवत नव्हती.

सरबत पुढं करत त्यांनी हळूच विचारलं, "एखादी बॅच बिघडली का गं?"

"नाही चाचा. एकही नाही."

"अच्छा हाय." त्यांनी माझा पेला पुन्हा भरला. मग म्हणाले, "बिघडली तर बोलाव. मी घरीच हाय."