झडती

माझी पुण्यात पॅथॉलॉजी लॅब आहे. रिपोर्टमध्ये दिसत नाही ते नाही, इतका सरळ माझा स्वभाव. भुताखेतांचे किस्से निघाले की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे हे इथे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय...

मागच्या हिवाळ्यात बाबांना जबलपूरहून नागपूरला हलवायचं ठरलं, दुपारच्या गाडीने. हृदय पार थकलं होतं. मी विमानाने येऊन स्टेशनवर त्यांना गाठायचं, असं दादाशी बोलणं झालेलं. विमान जबलपूरच्या डुमना विमानतळावर उशिरा उतरलं. टॅक्सीत बसते तोच दादाचा फोन — "काहून उशीर करून राहिली, सुधे? बाबा सारखं तुलाच विचारून राहिले. गाडी काही थांबत नाही!"

बाबा खमरियाच्या फॅक्टरीत होते. दारूगोळ्याचं काम, म्हणून गेटवर रोज झडती. माचिस, विडी आत चालत नसे. ती सवय इतकी अंगात मुरलेली की घरातही दार ओलांडताना हात फिरायचा — डावा खिसा, उजवा खिसा, मग वाकून मोजे. आई म्हणायची, "निघाले ड्यूटीवर... संडासात!"

विमानतळाबाहेरच्या नाक्यावर गाड्यांची रांग होती. गार्ड आमच्या खिडकीशी आला. मी भांडायच्या तयारीत. त्याने स्वतःचाच डावा खिसा चाचपला, मग उजवा, वाकून मोजे... आणि रस्त्यावरचा आडवा दांडा वर केला. "जाने दो."

असेल फॅक्टरीतला रिटायर्ड, म्हटलं.

पुढे घमापुरच्या चौकात ट्रॅफिक ठप्प. "गई आपकी ट्रेन, दीदी," ड्रायव्हर म्हणाला. तेवढ्यात एक कोवळा ट्रॅफिक पोलीस समोर आला. डावा, उजवा, मोजे. मग हात करून नेमकी आमचीच गाडी काढून दिली.

"भैया, ये मोजे क्यों टटोल रहा था?"

"कौन? वो तो सीधा खड़ा था, दीदी."

यानंतर मी कुणाकडे पाहिलंच नाही. स्टेशनवर बॅग तपासायला न देता पळाले. कुणी अडवलं नाही.

गाडी हलली होती. दादाने मला हाताला धरून आत ओढलं. वहिनी हळूच म्हणाली, "मघापासून डोळे मिटून खिसे चाचपून राहिले, ताई. म्हणे, 'पोरगी आहे माझी. येऊ द्या तिला आत.'"

बाबांनी डोळे उघडले.

"झडती झाली?"

"झाली, बाबा."

"मग ये."

इटारसी यायच्या आधी ते गेले. हात माझ्या हातात होता.

जागरण, टेन्शन, भास — सगळं स्वतःला समजावून झालंय. तरी ती गाडी मला मिळायला नको होती, आणि मिळाली. लॅबमध्ये निदान लागलं नाही की आम्ही नमुना पुन्हा मागवतो. हा कुणाकडून मागवू?